साइड कंट्रोलमधून सुटतो आणि पुन्हा तिथेच अडकतो: चूक नेमकी कुठे होते?

ब्राझिलियन जिऊ-जित्सूत गार्ड, म्हणजे खालच्याने पायांनी केलेली आड, पास होतो, समोरचा छातीवर आडवा येतो (हाच साइड कंट्रोल) आणि तिथून एकच चक्र सुरू होतं. ब्रिज मारायचा, म्हणजे पाय रोवून कंबर वर उचलायची, थोडं सरकायचं, जरा फट पडली असं वाटायचं आणि पुढच्या श्वासाला तो परत छातीवर. असं तीन-चारदा झालं की अंगातला जोर संपतो. मग आर्मबार (कोपर उलटा ताणणारा लॉक) तरी बसतो, नाहीतर तो माउंटवर, म्हणजे आपल्यावर स्वार होऊन, तरी चढतो. तंत्र माहीत नसतं असं नाही. कोचने दाखवलेलं असतं, ड्रिलमध्ये जमतही असतं. रोल, म्हणजे सरावाची झुंज, सुरू झाला की मात्र तेच हात, तीच कंबर काही केल्या ऐकत नाही.

माझं हे जवळजवळ वर्षभर चाललं. ब्रिज कमी पडतोय असं मला वाटायचं, म्हणून रोज ब्रिज मारायचो. शेवटी माझ्यापेक्षा वीसेक किलोंनी जड असलेल्या एका जोडीदाराबरोबरचा रोल मोबाइलवर रेकॉर्ड केला आणि घरी येऊन हळू गतीने पाहिला. ब्रिज ठीकच होता. म्हणून व्हिडिओ अजून थोडा मागे नेला. तो माझे पाय ओलांडत होता, तेव्हा मी त्याच्या गीची (सरावाच्या जाड पोशाखाची) बाही धरून ओढत होतो आणि माझा उजवा कोपर बरगड्यांपासून वीतभर लांब गेला होता. त्या वीतभर जागेत आधी त्याचा गुडघा आला आणि मग छाती. त्यानंतर मी जे काही केलं, ते सगळं उशिरा केलेलं होतं. त्याच रोलमध्ये मी आणखी चार वेळा अडकलो होतो. ते चारही प्रसंग तपासले. प्रत्येक वेळी कोपर आधी सुटला होता, पकड नंतर बसली होती.

या लेखात जे सांगतोय त्याचं मूळ एवढंच आहे. सुटका फसते ती सुटायच्या वेळी नाही, तर त्याच्या दोन-तीन सेकंद आधी. आयबीजेजेएफ या जिऊ-जित्सूच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या नियमांत गार्ड पासचे ३ गुण मिळतात, पण वरच्याने ती स्थिती ३ सेकंद टिकवली तरच. नियम करणाऱ्यांनीही पकड लगेच बसली असं धरलेलं नाही. ते तीन सेकंद तुमचेही आहेत आणि बहुतेक जण ते गार्ड गेल्याची हळहळ करण्यात घालवतात.

आधी दोन गोष्टी तपासा: डोकं आणि कोपर

एक प्रयोग एकट्याने करून पाहा. मॅटवर उताणे पडा, पाय दुमडून टाचा बुडाजवळ घ्या आणि उजव्या खांद्यावरून तिरका ब्रिज मारा. आता मान पूर्ण डावीकडे वळवा, हनुवटी डाव्या खांद्याकडे राहू द्या आणि पुन्हा उजवीकडेच ब्रिज मारायचा प्रयत्न करा. अर्धा जोर गेलेला जाणवेल. डोकं ज्या बाजूला वळतं त्याच बाजूला पाठीचा कणा वळायला बघतो. क्रॉसफेस म्हणजे नेमकं हेच असतं. समोरचा तुमच्या उजवीकडे असेल तर त्याचा डावा हात तुमच्या मानेखालून जातो आणि त्याचा खांदा जबड्यावर टेकून तुमचं तोंड पलीकडे फिरवतो. तोंड पलीकडे फिरलं की त्याच्याकडे वळणं जवळजवळ बंद होतं. तुम्ही कितीही दणकट असा, मान पिळलेली असताना कंबर जोर देत नाही.

म्हणून क्रॉसफेस बसायच्या आधीच लांबचा हात, म्हणजे या उदाहरणात डावा, त्याच्या मानेला लावा. तळवा लावायचा नाही. मनगटाजवळचं हाडूक त्याच्या गळ्याच्या बाजूला टेकवायचं आणि कोपर आपल्या छातीवर आत ठेवायचा. जवळच्या हाताची, म्हणजे उजव्या हाताची, कोपरापासून मनगटापर्यंतची बाजू त्याच्या कंबरेच्या हाडाला टेकते. या दोघांना मिळून फ्रेम म्हणतात. उशीर झाला असेल, क्रॉसफेस बसला असेल, तर सुटायची घाई करू नका. आधी हनुवटी खाली घ्या, त्याच्या खांद्याच्या दिशेने थोडी वळवा आणि डोकं परत आपल्या रेषेत आणा. यात पाच-सात सेकंद गेले तरी चालतील, पण ही पायरी गाळून पुढे जाऊ नका.

‘ब्रिज मारतो, पण तो हलतच नाही’

बहुतेक वेळा याचं कारण दिशा असते. सरळ छताकडे मारलेला ब्रिज त्याला वर उचलतो आणि तेवढाच खाली आणतो, दोघंही होते तिथेच. ब्रिज त्याच्याकडे आणि डोक्याच्या बाजूला तिरका जायला हवा, म्हणजे त्याचं वजन त्याच्या हातांवर जातं. वजन हातांवर आलं की हात तुम्हाला धरायचे सोडून मॅटवर टेकतात. ब्रिजकडून तुम्हाला एवढंच हवं असतं. त्याला उलथून पाडणं हे क्वचितच होतं आणि ती अपेक्षा धरली की सगळा जोर एकाच ब्रिजमध्ये खर्च होतो.

दुसरं कारण म्हणजे टाचा बुडापासून लांब असणं. पाय पसरलेले असले की मांड्यांचा आणि कुल्ल्यांचा जोर लागत नाही, नुसती कंबर वाकते. एक खबरदारीही सांगतो. वजन खांद्याच्या मागच्या भागावर घ्या, डोक्याच्या टाळूवर नाही. जड माणूस अंगावर असताना मानेवर ब्रिज करणं नवशिक्याने टाळावंच.

‘सरकतो, पण तो माझ्यामागे सरकतो’

ही तक्रार सगळ्यात जास्त ऐकू येते, म्हणून इथे जरा थांबतो.

ड्रिलमध्ये आपण ब्रिज आणि श्रिम्प (कुशीवर होऊन कंबर लांब सरकवणं) या दोन वेगळ्या हालचाली म्हणून शिकतो. ब्रिज, खाली, मग श्रिम्प. रोलमध्ये त्या ‘खाली’ आणि ‘मग’ यांच्यामध्ये समोरच्याला हवा तेवढा वेळ मिळतो. ब्रिज वर असतो तेवढाच वेळ फट असते. बूड परत मॅटवर आपटलं की फट बंद. त्यामुळे कंबर खाली येता येताच बाजूला गेली पाहिजे. वर जाताना त्याच्याकडे, खाली येताना त्याच्यापासून लांब, आणि बूड टेकतं ते नव्या जागी. मला हे एका सीनियरने फार सोप्या पद्धतीने शिकवलं. माझ्या बुडाखाली त्याने पट्टा उभा पसरून ठेवला आणि म्हणाला, ‘ब्रिजवरून उतरशील तेव्हा बूड पट्ट्यावर पडता कामा नये.’ पहिल्या दिवशी वीसपैकी वीस वेळा माझं बूड पट्ट्यावरच पडलं. जे वर्षभर मला ब्रिजची कमजोरी वाटत होतं, ते खरं तर उतरण्यातलं होतं.

इथेच फ्रेमचं काम समजून घ्यावं लागतं. फ्रेम त्याला ढकलण्यासाठी नसते. तुम्ही त्याला ढकललंत तर तो थोडा मागे जातो आणि दुप्पट वजनाने परत येतो. फ्रेम त्याला आहे तिथे रोखून धरते आणि सरकता तुम्ही. हात जागेवर, कंबर मागे. हे जमलं की नाही ते कोपराच्या कोनावरून कळतं. सरकण्याआधी कोपर काटकोनात असेल आणि सरकून झाल्यावर हात थोडा उघडला असेल, तर तुम्ही सरकलात. कंबर न हलता हात ताठ झाला असेल, तर तुम्ही ढकललंत.

मग गुडघा. समोरचा उजवीकडे असेल तर तुम्ही उजव्या कुशीवर वळता, डावा पाय मॅटवर रोवून कंबर डावीकडे नेता आणि खालचा, म्हणजे उजवा, गुडघा आत घालता. तो उजव्या कोपराच्या दिशेने यायला हवा. कोपर आणि गुडघा एकमेकांना भेटले की त्यांच्यामध्ये त्याला शिरायला जागा उरत नाही. पुष्कळ जण फट पडताच वरचा पाय घाईने फिरवून गार्ड करायला जातात, तो पाय हवेत अडवला जातो आणि खालची बाजू उघडीच राहते. आधी खालचा गुडघा, मग बाकी सगळं. पूर्ण गार्ड मिळाला नाही आणि नुसता हाफ गार्ड, म्हणजे त्याचा एकच पाय आपल्या पायांत, मिळाला, तरी तो घ्या. ज्युदोत तर खालच्याने वरच्याचा पाय आपल्या पायांत अडकवला की दाबून धरल्याची मोजणीच थांबते. एक पाय अडकवण्याला इतकी किंमत आहे.

आणि एकाच श्रिम्पमध्ये सुटका होईल असं धरू नका. जड माणसाखाली तीन-तीन लागतात. पहिल्याने कोपराला जागा मिळते, दुसऱ्याने गुडघ्याला, तिसऱ्याने नडगी आडवी येते. प्रत्येक वेळी मिळालेली जागा कोपराने धरून ठेवायची आणि मगच पुढचा.

‘हात अडकतो आणि तिथेच टॅप करून हार मानावी लागते’

हात ताठ करून छातीवर ढकललं की आर्मबार, हात डोक्याच्या बाजूला वर गेला की अमेरिकाना, म्हणजे खांदा पिळणारा लॉक. त्याच्या पाठीला मिठी मारून धरलं की सुटका तर थांबतेच, वर जवळचा हात त्याच्या गुडघ्याने डोक्याकडे ढकलला जातो. तिन्हींचं मूळ एक आहे, कोपर बरगड्यांपासून सुटलेला. २३ ऑक्टोबर १९५१ रोजी रिओच्या माराकाना स्टेडियममध्ये ज्युदोका मासाहिको किमुराने ब्राझिलियन जिऊ-जित्सूच्या संस्थापकांपैकी एक असलेल्या एलिओ ग्रेसीला वरचेवर फेकून, जमिनीवर दाबून, शेवटी ज्या हाताच्या लॉकने हरवलं, त्याला जिऊ-जित्सूत आजही किमुराच म्हणतात. दाबलेल्या माणसाचा हात अंगापासून सुटा मिळणं ही वरच्यासाठी केवढी मोठी गोष्ट आहे, ते त्यावरून लक्षात यावं.

हात अडकतोय असं वाटलं की दुसऱ्या हाताने स्वतःचं मनगट, गीचं टोक किंवा स्वतःची मांडी धरा, कोपर आधी अंगाला लावा आणि सुटायचं काम थांबवा. सुटका दहा सेकंदांनी पुन्हा करता येते. खांदा दुखावला तर आठवडे जातात.

‘सुटतो, पण पाठ देऊन बसतो’

कुस्तीतून आलेल्यांना हे जास्त होतं, कारण तिथे पाठ टेकली की संपलं. अंगात मुरलेली सवय पालथं व्हायला सांगते आणि इथे पालथं होणं म्हणजे समोरच्याला ४ गुण आणि गळा, दोन्ही देणं. नियम साधा ठेवा. वळायचं ते त्याच्याकडे, त्याच्यापासून लांब नाही.

त्याच्याकडे वळून गुडघ्यांवर येणं हीसुद्धा एक पूर्ण सुटका आहे. लांबच्या हाताला त्याच्या काखेखालून अंडरहूक मिळाला, क्रॉसफेस ढिला पडला आणि त्याचं डोकं जरा खाली सरकलं असेल, तर कुशीवर वळा, जवळचा कोपर मॅटवर रोवा, खालचा पाय मागे काढा आणि गुडघ्यांवर येऊन सरळ त्याच्या पायाला हात घाला. क्रॉसफेस घट्ट असताना हे करायला गेलात तर मात्र मान पिळून घ्याल. मी निवड अशी करतो: तोंड त्याच्याकडे वळवता येत असेल तर अंडरहूक, येत नसेल तर फ्रेम आणि गुडघा.

‘सुटायच्या नादात तो माउंटवर जातो’

श्रिम्प करताना दोन्ही गुडघे खाली पडले किंवा पाय लांब झाले की त्याचा गुडघा पोटावरून सहज पलीकडे सरकतो. जवळचा गुडघा उभा ठेवा, मांडी त्याच्या कंबरेला टेकलेली असू द्या. तो पाय ओलांडायला निघाला की त्याचं वजन एका बाजूला जातं आणि तो क्षण तुमच्या श्रिम्पचा असतो.

इथे या खेळाचा एक गुण तुमच्या मदतीला येतो. ज्युदोत समोरच्याला २० सेकंद दाबून धरलं की इप्पोन, सामना संपला. त्यामुळे ज्युदोकाची पकड नुसतं धरून ठेवण्यासाठीच बांधलेली असते. जिऊ-जित्सूत पास झाल्यावर नुसतं पडून राहण्याचे गुण नाहीत. वरच्याला नी-ऑन-बेलीचे (पोटावर गुडघा टेकवण्याचे) २ हवे असतात, माउंटचे ४ हवे असतात किंवा टॅप हवा असतो. म्हणजे त्याला हलावंच लागतं. तो स्थिर असताना धडपडून दम घालवण्यापेक्षा फ्रेम सांभाळा, कुशीवर थोडं वळून बरगड्यांना श्वासापुरती जागा द्या आणि तो हलायला निघाला की त्याच सेकंदाला निघा.

माउंट बसलाच तर दोन वाटा आहेत आणि त्या एकमेकींना पूरक आहेत. त्याचा उजवा हात मॅटवर टेकलेला असेल तर तो अंगाशी दाबून धरा, आपल्या डाव्या पायाने त्याचं उजवं पाऊल अडवा आणि डाव्या खांद्यावरून तिरका ब्रिज मारा. यालाच उपा म्हणतात. हात आणि पाऊल एकाच बाजूचं अडकलेलं हवं. एक जरी मोकळं असेल तर तो टेकून सावरतो. तो सावरण्यासाठी वजन दुसरीकडे नेतो, तेव्हा कोपर-गुडघ्याची वाट उघडते. कुशीवर वळा, कोपराने त्याचा गुडघा खाली रोखा, आपला गुडघा आत आणा, हाफ गार्ड घ्या. त्याचे गुडघे तुमच्या काखांपर्यंत आले असतील तर यातलं काहीच चालत नाही. आधी छोट्या ब्रिजने त्याला पुढे ढकलत कोपर इंचाइंचाने खाली आणि आत आणावे लागतात. त्याला वेळ लागतो, लागू द्या.

केसा-गातामे आणि नॉर्थ-साउथ

केसा-गातामे, म्हणजे डोकं आणि हात काखेत घेऊन बाजूला बसलेला माणूस. अडकलेल्या हाताचा कोपर मॅटवर आणून आपल्याकडे ओढा, तो निघाला की अर्धी पकड गेली. तो फार मागे रेलला असेल तर कंबर त्याच्याजवळ नेऊन त्याला आपल्यावरून पलीकडे घ्या. नॉर्थ-साउथमध्ये, म्हणजे तो डोक्याच्या बाजूने उलटा छातीवर असताना, कोपर आत ठेवून दोन्ही हात त्याच्या खांद्यांना लावा आणि तो एका बाजूला वळायला लागला की त्याच्याकडे तोंड करून गुडघे आणा. दोन्हीकडे श्वास कोंडतो. खरंच गुदमरल्यासारखं झालं तर टॅप करा, दाबाला टॅप करणं पूर्णपणे योग्य आहे. बरगडीजवळ कळ आली असेल तर त्या दिवशी रोल तिथेच थांबवा.

हीच समस्या वरून

वरून कुणाला धरता येत नसेल, तर आतापर्यंत खालच्यासाठी सांगितलेलं सगळं उलटं वाचा. तुमची पकड सुटते कारण तुमचं वजन तुमच्याच गुडघ्यांवर आणि कोपरांवर आहे, त्याच्यावर नाही. पायाची बोटं मॅटमध्ये रोवा, गुडघे हलके करा, छातीचं हाड त्याच्या छातीवर येऊ द्या. त्याला घट्ट आवळून हात थकवू नका. त्याचं डोकं वळवलेलं असेल आणि जवळचा कोपर तुमच्या कंबरेने किंवा मांडीने वर ढकललेला असेल, तर हात जवळजवळ रिकामे राहतात.

आणि त्याच्या हातांमागे जाऊ नका, त्याच्या कंबरेमागे जा. तो श्रिम्प करतो तेव्हा नवे लोक त्याचे खांदे अजून घट्ट धरतात आणि कंबर निसटून जाते. कंबर सरकली की तुमची छाती त्याच दिशेला सरकली पाहिजे किंवा हाताने त्याची लांबची कंबर अडवली पाहिजे. एकच पकड शेवटपर्यंत टिकवण्याचा हट्टही सोडा. त्याने गुडघा आणला तर नॉर्थ-साउथकडे फिरा, त्याने फ्रेमने जोरात रेटलं तर नी-ऑन-बेलीवर उठा, तो गुडघा ढकलायला गेला तर माउंट. जिऊ-जित्सूचा अनेकदा जगज्जेता ठरलेला रॉजर ग्रेसी माउंटवरून गीच्या कॉलरची साधी चोक लावून, म्हणजे कॉलरने गळा आवळून, मोठमोठ्या खेळाडूंना हरवायचा. ती चोक पहिल्या महिन्यात शिकवतात, पण माउंटवर तसं बसणं वर्षानुवर्षं घडवावं लागतं.

सराव कसा करायचा

पूर्ण रोलमध्ये ही चूक दुरुस्त होत नाही, कारण तिथे ती वेळ एक-दोनदाच येते. जोडीदाराला सांगून साइड कंट्रोलपासूनच सुरुवात करा. दोन मिनिटांची फेरी, तुम्ही गार्ड मिळवला किंवा गुडघ्यांवर आलात की पुन्हा तिथूनच, त्याने माउंट घेतला किंवा टॅप मिळवला तरी पुन्हा तिथूनच. पहिल्या फेरीत त्याने क्रॉसफेस लावायचा नाही. दुसऱ्यात लावायचा, पण निम्म्या जोराने. तिसरी पूर्ण जोराने. माझ्यासाठी सगळ्यात जास्त फरक पाडला तो चौथ्या प्रकाराने. त्यात जोडीदार गार्ड पास करायला निघालेला असतो, पाय अजून अर्धेच ओलांडलेले असतात, तिथून सुरुवात होते आणि माझं काम एकच असतं: कोपर बरगड्यांना आणि तोंड त्याच्याकडे. सुटलो की नाही हे त्या फेरीत मोजायचंच नाही.

व्हिडिओ काढणार असाल तर मोबाइल मॅटच्या पातळीला, बाजूने ठेवा. वरून काढलेल्या व्हिडिओत कोपर आणि बरगडीमधली फट दिसत नाही. पकड बसली त्या क्षणी व्हिडिओ थांबवा, तिथून तीन सेकंद मागे या आणि जवळचा कोपर कुठे आहे ते बघा.